एसडीएमसी सोडू की राहू? ख्रिस्ती मंडळीत सांगतात ‘वेगळे व्हा’

खानापूरची आई:
जय ख्रिस्त. माझी पोरं इथल्या सरकारी मराठी शाळेत आहेत. पालकांनी मला एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख कमिटीवर घेतलंय. आमच्या प्रार्थना गटातले वडीलधारे म्हणायलेत, सोड ते. बैठकीआधी सरस्वतीच्या फोटोला हार घालतात, नारळ फोडतात म्हणून. बायबलातलं २ करिंथ ६:१७ काढून दाखवलं, ‘वेगळे व्हा’ म्हणून. इकडे शाळेत मराठी शिक्षकाची जागा रिकामी, आणि मागच्या गल्लीत दारू विकतात ती भर दुपारच्या सुट्टीत! हे बघायचं सोडून घरात गीतं म्हणत बसू काय?

निपाणीकर:
ताई, त्यांना १ करिंथ ५:१० पण वाचायला सांगा. वाईट माणसांचा संबंधच नको म्हटलं तर जगातूनच निघावं लागेल, असं ही दोन्ही पत्रं लिहिणारा तोच पौल म्हणतो. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात तर फारच व्यवहारी बोलतो: बाजारात मिळतं ते मांस चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलंय असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. म्हणजे बाजारात जायचंच. बायबलातल्या दानीएलानं बाबेलच्या राजाची चाकरी केली, राजाच्या ताटातलं मात्र नाकारलं. पंडिता रमाबाईंचंही बघा. मुक्ती सदनात प्रार्थना करत होत्याच, पण १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी इस्पितळाच्या कारभाराविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रही लिहिलं. तुम्ही बैठकीला जा, आरतीचं ताट हातात घेऊ नका.

कॅम्पातले काका:
बोलायला सोपं आहे, निपाणीकर. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथंच, आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधात. तेव्हापासून लोक धास्तावलेत. या वडीलधाऱ्यांना वचनापेक्षा पोलीस स्टेशनचीच काळजी जास्त असणार, आणि मी त्यांना हसणार नाही. पोरी, राहा तू कमिटीवर. फक्त शाळेत पत्रकं, खाऊ, भेटवस्तू काही नेऊ नकोस, नाहीतर धर्मांतरासाठी आमिष दाखवतेस म्हणतील. शिक्षक आणि दारू, एवढंच बोल.

खानापूरची आई:
होय की काका. हार घालताना मी मागं उभी राहते, हेडमास्तरांना तसं आधीच सांगितलंय, त्यांचं काही म्हणणं नाही. दारूबद्दल आणखी दोन आया सही करायला तयार आहेत, एक मुसलमान, एक मराठा. बीईओ (तालुका शिक्षणाधिकारी) ऑफिसला शिक्षकासाठी अर्ज द्यायचाय. इथं कन्नडमधून नीट लिहून देणारं कोण आहे काय?