लहान मुलांच्या घरासाठी जुनी डिझेल सात-सीटर: पुण्यात घ्यावी का?

(गाड्यांवरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ताम्हिणीकर

लहान मुलं असलेल्या घरांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: डिझेलचे दिवस गेले, पेट्रोल नाहीतर सीएनजी घ्या. मला तो सरसकट पटत नाही. घरात दोन मुलं, सोबत आजी-आजोबा, महिन्यातून दोनदा गावाकडे फेरी आणि आठ-दहा लाखांचं बजेट असेल, तर २०१८ ते २०२० मधली फर्स्ट ओनर डिझेल सात-सीटर घ्यावी.

फरक घाटात कळतो. सात माणसं, मागे बॅगा, एसी चालू आणि ताम्हिणीतून वर यायचं. मारुती एर्टिगाचं १.३ डिझेल २०० एनएम टॉर्क (ओढायची ताकद) १७५० आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) देतं. १.५ पेट्रोल १३८ एनएम देतं आणि तेही ४४०० आरपीएमला. म्हणजे पेट्रोलमध्ये दुसरा गिअर टाकून इंजिन ओरडवत चढायचं किंवा एसी बंद करायचा. मागे तापलेलं पोर असताना एसी बंद करून बघा.

दुसरं, पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. जुनं डिझेल घेणाऱ्याला ती काळजी नाही.

हिशोबवही

घाटाचं मान्य, पण वर्षातले किती दिवस घाटात जातात? पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरा, वर्षाचं रनिंग १०,००० किमी. पेट्रोल एर्टिगाचं अॅव्हरेज १४ धरलं तर ७१४ लिटर, म्हणजे साधारण ७४,००० रुपये. डिझेल एर्टिगाचं १८ धरलं तर ५५६ लिटर, ५०,००० रुपये. वाचले २४,०००. तीच बेरीज डिझेल इनोव्हा क्रिस्टाची करा: ११ च्या अॅव्हरेजने ९०९ लिटर, जवळपास ८२,०००. पेट्रोल एर्टिगापेक्षा आठ हजार जास्तच! डिझेल स्वस्त पडतं असं म्हणताना कुठली गाडी हे आधी सांगा.

आणि १.३ डिझेलला १८०० आरपीएमच्या खाली जीव नाही हेही सांगा ना. सिंहगड रोडला संध्याकाळी सातला पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत क्लचवर पाय ठेवूनच जायचं.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. कोथरूडमध्ये शाळा, क्लास, भाजी अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये डिझेल इंजिन नीट तापतच नाही. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (जळलेला थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचते, पिकअप जातो, काळा धूर येतो. बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषाची) गाडी असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो. घरातली ही एकच गाडी असेल, तर डिझेल घेऊ नये.

पाना तेरा

डीपीएफचं बरोबर आहे, पण २०१८ ते मार्च २०२० च्या बहुतेक गाड्या आधीच्या निकषाच्या, बीएस-४ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना डीपीएफ नाही. तो प्रश्न मुख्यतः १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाड्यांचा. त्यात साठलेली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यासाठी गाडी साठच्या वर सलग पंधरा-वीस मिनिटं चालली पाहिजे. मधेच बंद केली तर जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून बीएस-६ डिझेल बघताना डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल, तर ती गाडी नुसती गल्लीत फिरलेली आहे.

आता बीएस-४ कशी बघायची ते. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी व्यवहाराचं बोलूच नका, कारण डिझेलचे निम्मे आजार थंड इंजिनातच दिसतात.

स्टार्ट केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कान द्या. १.३ मल्टिजेटला (एर्टिगाच्या डिझेल इंजिनाला) टायमिंग चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन सैल होऊन सुरुवातीला खडखडते. धूर पांढरा आणि डोळ्यांत झोंबणारा असेल तर इंजेक्टर, निळा असेल तर ऑइल जळतंय. मग ऑइल भरायचं झाकण काढून, आयडलिंगवर (अॅक्सिलरेटर न दाबता), त्याच तोंडावर नुसतं उलटं ठेवा. जरा थरथरलं तर चालतं. उडून पडलं किंवा इंजिनच्या ठोक्याबरोबर भसाभसा धूर आला, तर पिस्टन रिंगा गेल्यात. कितीही पॉलिश केलेली असो, तिथून निघा.

टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) होज पाइप आतून थोडा तेलकट असतोच, त्याला घाबरू नका. तेल ठिबकत असेल तर मात्र टर्बोचं काम आलं. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा चढला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच प्लेट संपली. इंजिन बंद करताना 'खडाक' असा लोखंडी आवाज आला तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, झटके शोषणारं चाक) गेलं. क्लच सेटसोबत ते बदलायचं म्हणजे हिशोबवहींचे २४,००० तिथेच जातात, हे त्यांच्या बाजूने सांगतो.

जुनी २.५ इनोव्हा (क्रिस्टाच्या आधीची) आणि रेनॉची लॉजी या दोन्हींना चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत पाडा. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं.

दोन कारसीट

तुम्ही सगळे बॉनेटमध्येच अडकलात. गाडी पोरांसाठी घ्यायची आहे ना? मग बघायला जाताना घरची कारसीट आणि बाबागाडी सोबत न्या.

एर्टिगाची मधली रांग सलग बाक आहे. मागे जायला त्यातलाच एक भाग पुढे ढकलावा लागतो. त्यावर कारसीट बांधलेली असली तर तो भाग हलत नाही. दोन्ही कडांना दोन कारसीट लावल्यात की तिसरी रांग बंद. आजी बसणार कुठे? क्रिस्टा किंवा महिंद्रा मराझोची कॅप्टन सीटवाली (मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्यांची) गाडी असेल तर मधल्या फटीतून मागे जाता येतं. वाकून जावं लागतं, पण जाता येतं. शिवाय तिन्ही रांगा उभ्या असताना नव्या एर्टिगात २०९ लिटर जागा उरते. एक मोठी बॅग ठेवली की संपली, बाबागाडी मांडीवर.

आयसोफिक्सचे (कारसीट थेट अडकवायचे) लोखंडी आकडे पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घालून स्वतः चाचपा. जाहिरातीतल्या 'फुल्ली लोडेड'वर जाऊ नका. ग्लोबल एनकॅपमध्ये (गाडी आपटवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत) २०१८ साली मराझोला मोठ्यांसाठी ४ तारे मिळाले आणि मुलांसाठी २. २०१९ मध्ये एर्टिगाला दोन्हीकडे ३. मुलांच्या घराने दुसरा आकडा आधी वाचावा. जुलै २०१९ च्या आधी ड्रायव्हरची एअरबॅगसुद्धा सक्तीची नव्हती, म्हणून त्या आधीच्या स्वस्त व्हेरियंटपासून लांब राहा. त्यात जुन्या इनोव्हाचे एअरबॅग नसलेले व्हेरियंटही आले, तिचं इंजिन कितीही दणकट असो.

ताम्हिणीकर

कारसीटचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, तो वजनदार आहे. अशा घरासाठी मी एर्टिगा मागे घेतो आणि कॅप्टन सीटच्या गाडीवर येतो.

हिशोबवही, तुमच्या १०,००० किमीवर मात्र माझा आक्षेप कायम. मी महिन्यातून दोन फेऱ्या म्हटलं होतं. सोलापूर धरलं तर एकेरी अडीचशे किमी, म्हणजे महिन्याला हजार आणि वर्षाला बारा हजार नुसते हायवेचे. शहरातले सहा हजार मिळवा. १८,००० किमीवर तुमच्याच दराने डिझेल एर्टिगा ९०,००० खाते आणि पेट्रोल १,३४,०००. आणि दर पंधरवड्याला पाचशे किमी हायवे मिळाला की तुमची काजळीची तक्रारही बरीच कमी होते.

आरसी बुक

गाडी पसंत पडली तरी टोकन देण्याआधी कागद. स्वस्त डिझेल सात-सीटर दिसली की पहिला प्रश्न पासिंगचा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे विकायला येऊ लागल्या. एनओसी म्हणजे फॉर्म २८ हवा, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर वेगळा भरावा लागतो. डिझेलला त्याचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हे धरलं की स्वस्ताई उरत नाही.

दुसरा प्रश्न, गाडी पूर्वी पिवळ्या पाटीवर होती का? छतावर कॅरिअरच्या क्लॅम्पच्या खुणा, स्पीड गव्हर्नर काढल्याच्या जागी तोडलेल्या वायरी, पेडलचं झिजलेलं रबर बघा. मीटर पाडलाय का (किलोमीटर कमी करून दाखवलेत का) ते टायरवर कळतं. टायरवर शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी, मीटरवर ३५,००० आणि चारही टायर २०२२ चे असतील, तर पहिले टायर एवढ्यात का संपले ते विचारा.

बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची हप्त्यातली सूट) जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, तेव्हा फरकाचे पैसे बाजूला ठेवा. थकलेली ई-चलनं त्याच्यासमोर बसून भरून घ्या.

हिशोबवही

१८,००० किमी असतील तर माझा विरोध नाही, १२,००० च्या खाली तो कायम. पण मराझो सुचवताना विचार करा, ती बंद झालेली गाडी आहे. आणि रुंदी १,८६६ मिमी. जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये लावून कारसीटमधलं पोर बाहेर काढायला दार उघडेल का, ते टेपने मोजा. स्टॅक (एकावर एक गाडी ठेवायचं) पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवरचं वजन आणि उंचीही वाचा.

पाना तेरा

मराझोत फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच यांची अडचण नाही. थांबावं लागतं ते बॉडीच्या सामानाला: टेललॅम्प, बंपर, काचा, आतले प्लॅस्टिकचे क्लिप. म्हणून ठोकलेली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. आणि मागचा एसी भर दुपारी, गाडी उभी ठेवून, तिसऱ्या रांगेत बसून वीस मिनिटं तपासा. पुढे गार आणि मागे कोमट वारा आला, तर गॅस कमी आहे किंवा मागच्या बाजूची लाइन गळतेय. 'गॅस भरला की होईल' असं विक्रेता म्हणाला, तर त्याच्याकडूनच भरून घ्या आणि आठ दिवसांनी परत बसून बघा.