मदत हवी आहे: शाकाहारी पास्तेल दे चोक्लोला पाणी सुटतंय

नमस्कार मंडळी,

चिलीत, सांतियागोला राहून तिसरं वर्ष. जानेवारीत आई-बाबा साताऱ्याहून येतायत. तेव्हा इथे भर उन्हाळा, कोवळ्या मक्याचा सीझन, म्हणजे घरोघरी पास्तेल दे चोक्लो. चोक्लो म्हणजे मक्याचं कणीस, शब्द मूळचा केचुआ या इथल्या आदिवासी भाषेतला. तळाला 'पिनो' (कांदा, जिरं, पाप्रिका घालून परतलेला खिमा), त्यावर उकडलेलं अंडं, काळं ऑलिव्ह, मनुका, बऱ्याचदा कोंबडीचा तुकडा. वर किसून शिजवलेल्या मक्याचा जाड थर, त्यावर साखर भुरभुरवायची आणि मातीच्या वाडग्यात भाजायचं.

आमच्या आईला अंडंसुद्धा चालत नाही. म्हणून पिनोत मश्रूम आणि अख्खे मसूर घातले. चव बरी होती, पण चमचा खुपसला की कडेने तपकिरी पाणी वर! मक्याचा थर नुसता तरंगत होता. साखरही विरघळून गेली, खरपूस डाग पडलेच नाहीत. ओव्हन २०० डिग्री, ४० मिनिटं. मका इथलाच, चोक्लो उमेरो, जाड पिठूळ दाण्याचा. त्यामुळे स्वीट कॉर्नवर खापर फोडता येत नाही.

शेजारच्या काकू म्हणतात मश्रूमऐवजी कोचायुयो घाल. ते समुद्री शेवाळ, वाळवून जुड्या बांधून विकतात. आहे शाकाहारीच, पण भिजवलं की घरात सुकटीसारखा वास. बाबा ताटावरून उठतील. काय करू?

प्रतिसाद १
मश्रूम कांद्याबरोबरच टाकलेस का? आधी ते एकटे, मोठ्या आचेवर, मीठ न घालता परत. पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत हलू नकोस. मसूर निथळून घे. आणि पिनो आदल्या रात्रीच करून ठेव, खिम्याचाही तसाच करतात.

प्रतिसाद २
मका कच्चाच ओतला असणार. इंदूरकडची आहे मी, आमच्या भुट्ट्याच्या किसासारखंच आहे हे. लोणी आणि थोडं दूध घालून घोटत राहायचं, चमच्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहायला हवी. साखर अगदी शेवटी, वरच्या जाळावर पाच मिनिटं. कोचायुयोचा नाद सोड, पहिल्याच भेटीत कशाला!

धागाकर्ती
दोघींनी बरोब्बर पकडलं. मश्रूम कांद्यातच, मका कच्चा. 🙈 आणखी एक, मक्यात इथे अल्बाहाका (बेसिल) वाटून घालतात. आई 'तुळस भाजीत घातलीस?' म्हणणार.

प्रतिसाद ३
ती तुळस नव्हे, सब्जाची पानं. फालुद्यातलं बी त्याच झाडाचं. तिला तेच सांगा.

धागाकर्ती
काल पुन्हा केलं. पाणी नाही, वर मस्त तपकिरी डाग! पिनोत किंचित मेर्केन (मापुचे लोकांची धुरावलेली मिरची) टाकली, खिम्याची उणीव तिने भरून काढली. सोबत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. पोमाइरेहून (मातीच्या भांड्यांचं गाव) आणलेलं एक वाडगं मात्र तडकलं. ओव्हनमधून काढलं आणि ओल्या ओट्यावर ठेवलं, अक्कल माझीच. आता पाच माणसांना चारच वाडगी.