नाताळ, रमजान आणि पार्किंग: मुस्लिम देशांत राहिलेल्यांनो, लिहा

परवा घरी वाद झाला की मुस्लिमबहुल देशात ख्रिश्चन लोक कसे राहत असतील. ऐकीव नको, राहून पाहिलेलं लिहा. सुरुवात मीच करतो.

मी चार वर्षं जकार्त्यात होतो. तिथे इस्तिकलाल मशीद आणि कॅथेड्रल समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. नाताळला चर्चवाल्यांच्या गाड्या मशिदीच्या आवारात लागतात, आणि ईद रविवारी आली तर कॅथेड्रल मिस्साच्या (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेच्या) वेळा बदलतं. आता तर रस्त्याखालून भुयारी वाटही केलीय. एवढ्या मोठ्या मशिदीचा आर्किटेक्ट सिलाबान हा ख्रिश्चन, हे मला आमच्या ड्रायव्हरने सांगितलं, वर रियांतोची गोष्टही. जावातल्या मोजोकेर्तोत 2000 च्या नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या पहाऱ्यावर असलेला हा मुसलमान पोरगा, बॉम्ब सापडला तो बाहेर न्यायला गेला आणि त्यातच गेला. पण याच जकार्त्याच्या ख्रिश्चन गव्हर्नरला, आहोकला, 2017 मध्ये ईशनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा झाली, त्या दिवशी ऑफिसात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

वाळूतला मावळा: मी आठ वर्षं सौदीत. चर्च नाहीच, विषय संपला. मंगलोरचा ख्रिश्चन रूममेट पडदा ओढून रोझरी (जपमाळ) म्हणायचा आणि मी दाराकडे लक्ष ठेवायचो. माझा गणपती पण कपाटातच होता म्हणा.

दोहाकर: इथे 2008 ला चर्च झालं, गावाबाहेर, बाहेरून क्रूस नाही. आत जाताना तपासणी. काही जण याला सहिष्णुता म्हणतात, मी परवानगी म्हणतो. तरी गर्दी बघाल तर जत्राच!

वसईची सून: आम्ही दुबईत. सेंट मेरीज चर्चची जमीन दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी दिलेली. पूर्वी सुट्टी शुक्रवारी म्हणून आम्ही मिस्सालाही शुक्रवारीच जायचो, त्यामुळे माझ्या पोराला वाटायचं की देवाचा वार शुक्रवारच, आणि 2022 ला शनिवार-रविवार सुट्टी झाल्यावर त्याला परत शिकवावं लागलं 😄 घरात प्रार्थना अजून मराठीतच. 2025 ला राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आला तेव्हा रमजान आधीच सुरू झालेला, मग शेजारची लाहोरची बाजी (म्हणजे ताई) आणि मी दोघी उपाशी, लिफ्टमध्ये भेटलो की एकमेकींचे चेहरे बघून हसायचो. पहिल्या दिवशी संध्याकाळी अझान झाली तशी ती खजूर आणि हलीम घेऊन दारात, मी म्हटलं बाजी, ईस्टरपर्यंत मटण बंद. तशीच परत गेली, मला वाटलं रागावली. दहा मिनिटांत मसूरची डाळ घेऊन हजर, आणि म्हणते कशी, हे आधी सांगायचं नाही का, मी उद्या तुझ्यासाठी किमा करणार होते!

दोहाकर: हलीम परत नेलं?? ताई, आमचा पत्ता द्यायचात की.