मदत हवी आहे: रूममेट बोलत नाही, घरी कळवू का?

घाईत_आहे: रूममेट महिनाभर लेक्चरला आलेला नाही. रात्री पितो, दिवसा झोपतो. काही विचारलं की "ठीक आहे" एवढंच. घरी सांगू की नको? सांगितलं तर मैत्री संपलीच. लवकर सांगा, परवापासून परीक्षा आहे.

वाटाड्या: पितो म्हणजे किती? रोज? कधीपासून? आणि परीक्षा तुझी की त्याची?

पहाटवारा: पहाटे ५ ला उठवून पळायला न्या. मी स्वतः यातून गेलोय. दारू आजच्या आज बंद करायला लावा.

काकूबाई: माणूस अंथरुणातून उठत नाहीये आणि तुम्ही त्याला पळवताय!

रात्रपाळी: थांबा. मी नर्स आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घाईत_आहे, मरणाबद्दल काही बोललाय का तो?

जुना_खोड: आमच्या वेळी मोबाइल नव्हते, त्यामुळे एकटेपणाही नव्हता.

काकूबाई: होता हो. माझा भाऊ होस्टेलवर चार महिने कुणाशी बोलला नव्हता. पत्रात मात्र "मजेत" लिहायचा.

घाईत_आहे: रोज पितो, मागच्या सेमिस्टरला विषय राहिल्यापासून. मरणाचं वगैरे काही बोलला नाही. काल हेडफोन माझ्या टेबलावर ठेवले, "तुलाच राहू दे" म्हणाला. कुणाला हात लावू द्यायचा नाही त्यांना. पण काल शांत होता, हसलासुद्धा. म्हटलं सुधारतोय.

खोली_नं_९: खोली बदलून मागा. वैद्यकीय कारण लिहा, लगेच मिळते.

रात्रपाळी: अरे, हे आधी सांगायचं! आवडती वस्तू देऊन टाकणं, अचानक शांत होणं, दोन्ही धोक्याच्या खुणा आहेत. आत्ताच सरळ विचार, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर क्षणभरही एकटं सोडू नकोस. खोलीतल्या गोळ्या ताब्यात घे, रेक्टरना उठव, घरी कळव. भारतात असाल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

पहाटवारा: आणि नंतर पळणं.

घाईत_आहे: विचारलं. आधी चिडला, मग रडला. हो म्हणाला. त्याच्या ताईला फोन केला, ती निघालीये. आम्ही दोघं त्याच्याजवळ बसलोय. गोळ्यांचं पाकीट माझ्या खिशात आहे.

वाटाड्या: दुसरा कोण? आणि तू काही खाल्लंस का?

घाईत_आहे: शेजारच्या खोलीतला. नाही.