शहराचा गाळ शेतात टाकावा का? बंदरांच्या अनुभवावरून चर्चा

पंचगंगाकाठ
उन्हाळा आला की एक सूचना हमखास पुढे येते: 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेच्या धर्तीवर कोल्हापूर शहरातला गाळही शेतकऱ्यांना फुकट द्यावा. माझा याला विरोध आहे. धरणाचा गाळ म्हणजे पाणलोटातून वाहून आलेली माती. जयंती नाल्याचा गाळ म्हणजे सांडपाणी, गॅरेजचं जळकं ऑइल, रस्त्यावरची धूळ आणि छोट्या कारखान्यांचं धुवण. दोन्हींत नावापलीकडे फारसं साम्य नाही.

मोठ्या बंदरांनी ही चूक आपल्याआधी केली आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराच्या गोद्यांमधला गाळ व्लार्डिंगेनजवळच्या ब्रुकपोल्डर या सखल शेतजमिनीवर १९५० च्या दशकाअखेरीपासून वर्षानुवर्षे सोडला गेला. जमीन उंच होईल, सगळ्यांची सोय होईल, असा हिशोब होता. पुढे त्या मातीत ड्रिन गटातली कीटकनाशकं आणि जड धातू सापडले आणि तिथे घरं बांधायचा बेत सोडावा लागला. शेवटी १९८७ मध्ये समुद्रकाठी 'स्लुफ्टर' हा १५ कोटी घनमीटरचा बंदिस्त खड्डा सुरू झाला. आता स्वच्छ गाळ समुद्रात जातो, दूषित गाळ खड्ड्यात. आपल्याकडेही तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत एकही टिपर शेताकडे वळता कामा नये.

ऊसमळा
रॉटरडॅमच्या वरच्या अंगाला ऱ्हाईन नदीकाठची सगळी रसायनं होती. आपल्या रंकाळा तळ्याच्या वर काय आहे? परताळा आणि शाम सोसायटी या भागांकडून आलेलं घरगुती सांडपाणी, कुजलेलं केंदाळ (जलपर्णी) आणि माती. त्यात नत्र आहे, स्फुरद आहे. वर्षानुवर्षे ऊस घेऊन सेंद्रिय कर्ब संपलेल्या रानाला तेच हवंय.

आणि नाही म्हणणाऱ्यांनी पर्यायाचा हिशोब मांडावा. नुसता १०,००० घनमीटर गाळ म्हणजे साधारण ३,५०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). एका हायवा डंपरात ५ ब्रास धरले तरी ७०० खेपा. घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यायचा म्हटलं तर पुण्याच्या पुढे रांजणगावला. तो खर्च कोण करणार? मग गाळ तळ्यातच राहतो. शहरी कंपोस्टसाठी सरकारी मर्यादा आहेतच: कोरड्या वजनाच्या किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, पारा ०.१५. त्यात बसला तर द्या, नाही बसला तर देऊ नका.

मापात_बोला
ऊसमळा, मर्यादा लावायचा तुमचा आग्रह बरोबर आहे, पण ही मर्यादा इथे लावता येत नाही. मात्रेचा फरक बघा.

कंपोस्ट एकरी २ टन टाकलं आणि त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम असलं, तर रानात १० ग्रॅम गेलं. गाळ एकरी १०० ब्रास टाकला तर जेमतेम ७ सेंटीमीटरचा थर बसतो, पण कोरडं वजन साधारण ३४० टन होतं. तेवढ्याच प्रमाणाच्या गाळातून १,७०० ग्रॅम कॅडमियम जातं. कागदावर दोन्ही 'मर्यादेत', रानात १७० पट फरक. मेथी-पालकाची पानं कॅडमियम चांगलंच ओढतात. उसानंतर त्याच रानात भाजी केली तर ते थेट ताटात येतं.

उलट बाजूनेही फसगत होते. त्याच तक्त्यात क्रोमियम ५० आणि निकेल ५० आहे. आपली माती बेसाल्टची, आणि बेसाल्टात हे दोन्ही धातू मुळातच त्याहून जास्त असू शकतात. म्हणजे कुणी हात न लावलेली माळाची मातीसुद्धा 'दूषित' ठरेल. म्हणून गाळासोबत त्याच पाणलोटातल्या, वस्तीपासून दूरच्या मातीचे नमुने घ्यावेत आणि फरक मोजावा. बेसाल्टात शिसं फारच कमी, किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आतबाहेर. त्यामुळे शिसं वाढलेलं दिसलं तर ते माणसानेच आणलं, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

नमुना घेण्यातही घोळ होतात. फावड्याने वरचा गाळ भरून पाच पिशव्या एकत्र केल्या की सरासरी निघते आणि एका कोपऱ्यातलं विष बाकीच्यांत लपतं. दोन-अडीच मीटरचा पीव्हीसी पाइप उभा दाबा, वरून बूच लावून बाहेर काढा आणि दर ३० सेंटीमीटरचा थर वेगळा ठेवा. तेल आणि कीटकनाशकांसाठी काचेची बरणी, धातूंसाठी प्लास्टिक चालतं. प्रयोगशाळेपर्यंत बर्फात न्या.

लालरेषा
मला दोन्ही बाजूंची घाई पटत नाही. रंकाळ्याच्या तळाचा काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा थर पाण्याखाली आहे तोवर जस्त, कॅडमियम, शिसं गंधकाशी बांधलेलं असतं. तो काठावर पसरून दोन-तीन आठवडे वाळवला की गंधकाचं ऑक्सिडीकरण होतं, आम्लता वाढते आणि तेच धातू पाण्यात सुटायला लागतात. ओला नमुना 'पास' आणि वाळलेला 'नापास', असं होऊ शकतं. चाचणी दोन्ही अवस्थांत करा.

मग हलवायचाच कशाला? स्वच्छ वाळूचा ३० ते ५० सेंटीमीटरचा थर टाकून जागेवरच झाकणं ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे.

पंचगंगाकाठ
लालरेषा, झाकण चालतं ते खोल, शांत पाण्यात आणि टणक गाळावर. रंकाळ्याचा गाळ सेंद्रिय आहे, उन्हाळ्यात मिथेनचे बुडबुडे थर फोडून वर येतात आणि सोबत गाळ आणतात. तळं उथळ, त्यात अर्धा मीटर आणखी भरायचं? नाल्यात तर प्रश्नच नाही, पहिल्या पुरात वाळू पंचगंगेत.

जिथे धोका मोठा होता तिथे उपसाच केला गेला. जपानच्या मिनामाता उपसागरात किलोमागे २५ मिलिग्रॅमहून जास्त पारा असलेला गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसला आणि किनाऱ्यालगत बंदिस्त केला. त्यावर आज ५८ हेक्टर जमीन उभी आहे. पण तिथे शेती नाही.

ऊसमळा
मापात_बोला यांचा मात्रेचा हिशोब मान्य, तो मी धरला नव्हता. पण उपसलेला गाळ जाणार कुठे, याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही. वीटभट्टीला का नको? भाजल्यावर सेंद्रिय घाण जळून जाते.

मापात_बोला
घाण जळते, धातू जळत नाहीत. पारा आणि काही प्रमाणात कॅडमियम धुरावाटे बाहेर पडतं आणि भट्टीवर राबणाऱ्यांच्या छातीत जातं. शिवाय चुनखडी असलेल्या मातीत, हवा भरपूर मिळाली तर निरुपद्रवी त्रिमूल्य क्रोमियमचं षट्मूल्य क्रोमियम होतं, जे विषारी आहे आणि पाण्यात सहज उतरतं. बेसाल्टी गाळात क्रोमियम आधीच आहे, हे विसरू नका. भाजलेल्या विटेतून पाण्यात किती धातू उतरतात ही झिरप चाचणी केल्याशिवाय हा मार्ग नको.

जागेचं उत्तर जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराकडे आहे. तिथे १९९३ पासून 'मेथा' नावाच्या संयंत्रात गाळातून वाळू वेगळी काढतात. विष बहुतेक ६३ मायक्रॉनहून बारीक कणांना चिकटतं. हायड्रोसायक्लोन या शंकूसारख्या भांड्यातून गाळ वेगाने फिरवला की जाड वाळू खाली पडते, ती धुऊन भरावाला वापरता येते. बंदिस्त ठेवायचा तो फक्त बारीक भाग. इतकं मोठं यंत्र आपल्याला नको, एक फिरतं युनिट पुरेल. नाल्याच्या गाळात वाळू बऱ्यापैकी निघेल, रंकाळ्याच्या गाळात फारशी नाही.

जिओट्यूबवाला
पुढचा टप्पा मी सांगतो. पंपाआधी जाळी हवीच, नाहीतर पिशव्या, चिंध्या आणि नारळ तासाभरात पंप बंद पाडतात. साधारण १० टक्के घन असलेल्या रबडीत गाळाचे कण एकत्र आणणारं पॉलिमर मिसळून ती जिओट्यूबमध्ये, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या कापडाच्या मोठ्या पिशवीत भरायची. पॉलिमरची मात्रा रोज सकाळी बरणीत थोडी रबडी घेऊन ठरवा, कारण गाळ रोज बदलतो. कमी पडलं तर ट्यूबमधून काळं पाणी येतं, जास्त झालं तर कापडाची छिद्रं बुजतात आणि ट्यूब महिनाभर तशीच फुगून बसते. ट्यूबखाली जाड प्लास्टिकचा (एचडीपीई) कागद, त्याला एका बाजूला उतार, आणि झिरपलेलं पाणी पंपाने कसबा बावड्याच्या किंवा दुधाळीच्या सांडपाणी केंद्राकडे. ते तळ्यात परत सोडलं तर त्यातला अमोनिया मासे मारतो.

लालरेषा
ट्यूब ठेवायची जागा मात्र पूररेषेच्या बाहेर हवी, नेहमीच्या पुराच्या निळ्या रेषेच्याच नव्हे तर मोठ्या पुराच्या लाल रेषेच्याही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठची 'रिकामी' जागा पावसाळ्यात नदीच असते. नाल्याच्या काठावर ढीग लावून ठेवला तर जूनच्या पहिल्या वळवात तो परत नाल्यात.

ऊसमळा
मग माझी मागणी अशी बदलतो. प्रत्येक जागेचा थरवार अहवाल मे महिन्याआधी जाहीर व्हावा, वाळलेल्या नमुन्यासह. एकरी किती ब्रास आणि त्यातून किती ग्रॅम धातू, हे शेतकऱ्याला लेखी मिळावं. रंकाळ्याचा जो थर आसपासच्या मातीइतकाच निघेल तो शिवारात यावा. जयंती नाल्याचा मी मागत नाही.

पंचगंगाकाठ
या अटींवर माझा विरोध नाही. एक भर घाला: रंकाळ्याजवळच्या इराणी खणीचा (जुन्या दगडखाणीतल्या तळ्याचा) गाळ कायम वेगळा मोजा. तिथे मूर्ती विसर्जित होतात, रंगातलं शिसं एकाच जागी साठतं, आणि तो रंकाळ्याच्या गाळात मिसळला की रंकाळ्याचा चांगला थरही वाया जाईल.