फ्लाइंग फ्ली खरंच मिलिटरीची आहे का, कसं ओळखायचं?

मिडलंड्सकर:
नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या बर्मिंगहॅमजवळ असतो. इथल्या जुन्या स्पेअरच्या बाजारात 125 सीसी टू-स्ट्रोक एनफिल्ड घेतलीये. काळा रंग, पुढच्या फोर्कला रबराच्या रिंगा, टाकीच्या उजवीकडे हाताने टाकायचा गिअरचा दांडा, तीन गिअर. विकणारा छातीठोक सांगतोय की ही विमानातून पॅराशूटने टाकायची तीच मिलिटरीची फ्लाइंग फ्ली, 1944 ची, हॉलंडमधल्या आर्नेमच्या लढाईतली. कागद शून्य. इंजिन फिरतंय पण स्पार्क नाही. विचार असा आहे की सगळी खोलायची, सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग आणि वरून मिलिटरी हिरवा. बरोबर जातोय ना?

बुलेटवाला_सांगली:
अहो थांबा, सँडब्लास्टिंगला अजिबात देऊ नका एवढ्यात!! गाडीचा पुरावा त्या रंगाच्या खालीच आहे. रबरवाला फोर्क एनफिल्डशी जुळतो, पण मिलिटरीची आहे असं त्यावरून ठरत नाही कारण युद्धानंतर सिव्हिलियन मॉडेललाही काही वर्षं तोच फोर्क होता. विमानातून सोडायच्या एअरबोर्न गाडीचा सायलेन्सर दोन डब्यांचा, आवाज कमी यावा म्हणून, आणि हँडल-फूटरेस्ट दुमडायचे कारण ती लोखंडी पिंजऱ्यात बसवून खाली सोडायचे. सायलेन्सर बदललेला असेल तर निदान तो टांगायचा ब्रॅकेट किंवा त्याची खूण दिसते का ते बघा.
आता टाकी. बाजूला 800 चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा हळूहळू घासा, एकेक थर रिंगणासारखा उघडत जातो. काळ्याखाली खाकी तपकिरी किंवा ऑलिव्ह हिरवा निघाला तर तिथेच हात थांबवा आणि आजूबाजूला पांढऱ्या रंगातला इंग्रजी सी आणि पुढे आकडे दिसतात का बघा, तो आर्मीचा नंबर. तपकिरी असेल तर बहुतेक एप्रिल 1944 च्या आधीची, कारण ऑलिव्हची ऑर्डर त्याच महिन्यात निघाली. युद्धानंतर सरप्लस गाड्यांना डीलर लोक काळा फासून विकायचे, त्यामुळे काळ्या रंगाने नाराज होऊ नका.
आणि आर्नेमवाली वगैरे तो विकणारा काय वाट्टेल ते बोलेल. सगळ्या फ्ली काही पॅराशूटने उतरल्या नाहीत, कित्येक ग्लायडरमधून गेल्या, कित्येक साध्या निरोप्याच्या कामाला होत्या.

टूस्ट्रोक_नाशिक:
इंजिन फारच गेलं असेल तर बीएसए बँटमचं बसवा की, तिकडे ढिगाने मिळतं. दोन्ही जर्मन डीकेडब्ल्यू कंपनीच्या गाडीचीच कॉपी ना?

बुलेटवाला_सांगली:
नाही हो, चुलत भावंडं आहेत पण पार्ट जुळत नाहीत. बँटम म्हणजे डीकेडब्ल्यू आरटी 125 चं आरशातलं उलटं रूप, 1948 ची. फ्लीचं मूळ त्याच्याआधीचं, आरटी 100. हॉलंडच्या स्टॉकविस कंपनीकडे डीकेडब्ल्यूची एजन्सी होती, मालक ज्यू म्हणून ती काढून घेतली, मग त्यांनी इंग्लंडमध्ये रेडिचला एनफिल्डकडे जाऊन तशीच गाडी मोठ्या इंजिनात बनवून घेतली, 1939 मध्ये. म्हणजे नाझींच्या नियमामुळे जन्मलेली गाडी पुढे त्यांच्याच विरुद्ध लढली, मला हे फार आवडतं. बँटमला पायाचा गिअर आणि टेलिस्कोपिक फोर्क, लांबूनच कळते.

मिडलंड्सकर:
दादा, घासून बघितलं! काळा, मग लालसर प्रायमर, मग तपकिरी. आकडे नाही दिसले अजून. सायलेन्सर एकच डब्याचा, पण खाली एक रिकामा ब्रॅकेट लोंबतोय. स्पार्कचं काय करू?

कार्ब_काका:
ब्रॅकेट कापू नकोस बाळा, भारी आहे ते. स्पार्कसाठी आधी पॉइंट साफ कर, गॅप बघ, कंडेन्सर नवाच टाक, जुन्यावर भरवसा नाही. फ्लायव्हील काढताना पुलरच वापर, हातोडी मारलीस तर क्रँक वाकेल. क्रँकचे सील पण तपास, तिथून हवा खेचली की गाडी गरम झाल्यावर स्टार्ट होत नाही आणि लोक उगाच कार्ब खोलत बसतात. फोर्कच्या रबर रिंगा नव्या मिळतात, दोन्ही बाजू एकदम बदल.
कागदांसाठी हेडस्टॉकवरचा फ्रेम नंबर आणि इंजिन नंबरचे स्वच्छ फोटो काढ, खडूने घासून. तिकडे रॉयल एनफिल्ड ओनर्स क्लब गाडी कधीची ते सांगणारं डेटिंग सर्टिफिकेट देतो, ते जोडून डीव्हीएलएकडे, म्हणजे तिकडच्या आरटीओकडे, अर्ज कर. नंबर ग्राइंड केलेला दिसला तर आधी क्लबला विचार, मगच खर्च कर.
पेट्रोल ई-10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) नको, ई-5 (पाच टक्क्यांपर्यंतचं) घाल. तुझ्या टाकीत कोणी गळती थांबवायचा जुना सीलर ओतला असेल तर ई-10 तो सोलून जेटमध्ये आणून ठेवेल.