उत्तर: उत्तर: 'रुचिरा' – पुण्याहून कोणी येतंय का? (तातडीचं)

नमस्कार मंडळी,
आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाच्या कपाटातली 'रुचिरा', कमलाबाई ओगल्यांच्या पाककृतींच्या पुस्तकाची प्रत, आता गेलीच. काल अनारशांसाठी काढली तर शिवण सुटून अर्धी पानं ओट्यावर पसरली. चकलीचं पान तेल पिऊन असं झालंय की मागच्या पानाची अक्षरं दिसतात. फराळाचा शनिवार तीन आठवड्यांवर आलाय. पुण्याहून येणाऱ्याने नवी आणावी, पैसे मंडळ देईल. जुनी रिसायकलिंगमध्ये टाकते.
– ग्रंथालय

-----
टाकते म्हणजे? ती प्रत आमच्या सासूबाईंची, किर्लोस्करांच्या छपाईची. मंडळाला वापरायला दिली होती. समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, "इथल्या बेसनाला पाणी जास्त". ते नव्या पुस्तकात कुठून येणार?
– एडिसनवाल्या काकू

-----
पैसे मंडळ देईल हे कोणी ठरवलं? मागच्या वर्षीच्या सोऱ्यांची पावती अजून मिळालेली नाही.
– खजिनदार

-----
पावती दिली होती, पुन्हा शोधा.
मुद्दा वेगळाच आहे. आमच्या तक्त्यात प्रत्येक पदार्थापुढे पान नंबर आहेत. आता मेहता प्रकाशनाची नवी प्रत येणार, पानं जुळणार नाहीत आणि ऐन कढई तापल्यावर सगळ्या मलाच विचारणार. नवी आणायची तर दिवाळीनंतर आणा.
– फराळ समिती

-----
पानांचं काय घेऊन बसलात! कमलाबाईंनी सगळं वाटी-चमच्यात दिलं म्हणून आमच्यासारख्यांचे संसार तरले. पण वाटी कुठली? गेल्या वर्षी शनिवार गटाने भाजणीचं पीठ मेजरिंग कपाने घेतलं, २४० मिलिलिटरच्या. माझी वाटी दीडशेला भरते. पीठ वाढलं, मोहन मात्र पोह्याच्या चमच्याने मोजून तेवढंच! चकल्या दगड झाल्या त्यात नवल काय?
– प्लेन्सबरो

-----
त्या चकल्या माझ्या नव्हत्या, मी अनारशांवर होते.
– शनिवार गट

-----
आणि अनारसे हसले की तुपात, विरघळून पसरले! गूळ जास्त झाला होता, मी तेव्हाच म्हटलं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे. या वेळी ते काम मला द्या.
– प्लेन्सबरो

-----
मी १४ तारखेला पुण्याहून निघतोय. २३ किलोच्या दोन बॅगा, त्यातली एक आईने गोड्या मसाल्याने आणि मेतकुटाने आधीच भरलीये. एक पुस्तक बसेल. फक्त एक. उद्या अप्पा बळवंत चौकात जाऊन घेतो.
– नवा सभासद, हॅमिल्टन

-----
चौकात जातोच आहेस तर पुढे तुळशीबागेतून सोऱ्याच्या चकत्या आण. चांदणीच्या, पितळी, दोन.
– फराळ समिती

-----
पावती घे.
– खजिनदार

-----
बाळा, पुस्तक आण, नवं ग्रंथालयात राहू दे. जुनं मी रविवारी घरी नेते. तोवर पहिल्या कोऱ्या पानाचा फोटो काढून तक्त्याला जोडा. सासूबाईंनी तिथेच लिहून ठेवलंय: "वाटी = आमटीची, काठ दुमडलेली." ती वाटी माझ्याकडे आहे, शनिवारी घेऊन येईन. पण संध्याकाळी माझ्याच हातात परत द्यायची. झारा नेला होता तो अजून आलेला नाही.
– एडिसनवाल्या काकू